सख्ख्या वहिनीचा चहा चालत नाही

ज्यांच्या घरची माणसं गप्प बसणारी आहेत, त्यांना या प्रवासातलं अर्धं सुख आणि जवळजवळ सगळं दुःख कळायचं नाही. तरीही सांगते, कारण परत आल्यापासून जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. चारशे किलोमीटर सायकल कशी चालवलीस, आणि घरच्यांनी सोडलं कसं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, पाय हलवत राहायचे. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे हे पुढचं सगळं.

शर्यत अशी होती. शुक्रवारी पहाटे ठाण्याच्या माजिवड्यातून निघायचं. नाशिक रस्त्याने कसारा घाट चढून घोटीला उजवीकडे वळायचं, भंडारदरा, अकोले, ओतूर करत माळशेज उतरायचा आणि मुरबाड, कल्याण, डोंबिवली घेऊन रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पुन्हा माजिवड्यात हजर व्हायचं. पहिल्याला बक्षीस नाही. सहाच्या आत आलात तर पूर्ण करणाऱ्यांत नाव लागतं, एवढंच.

नियम मात्र चावरा होता. सगळं सामान आपलं आपण वाहायचं, सायकल मोडली तर आपण जोडायची. वाटेत जे कुणालाही मिळू शकतं ते खुशाल घ्यावं: दुकान, हॉटेल, लॉज. वाटेवरच्या अनोळखी माणसाने आपणहून पाणी दिलं, तरी चालेल. पण ओळखीच्या माणसाकडून काडीही घ्यायची नाही आणि स्वतःच्या घरात पाऊलही टाकायचं नाही. थोडक्यात, परक्याचा चहा चालतो, सख्ख्या वहिनीचा चालत नाही.

आता माझी ओळख करून देते. मी सुजाता, डोंबिवली पश्चिमेला कोपरला राहते आणि एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. वय चव्वेचाळीस. घरातलं शेंडेफळ. आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर माझा मोठा भाऊ मिलिंददादा आणि वहिनी राहतात. दादा खोपटच्या डेपोत एसटीचा ड्रायव्हर होता, गेल्या वर्षी निवृत्त झाला. आयुष्यभर पन्नास-पन्नास माणसं घाटातून सुखरूप उतरवल्यामुळे त्याला जगातला प्रत्येक माणूस आपला प्रवासी वाटतो, आणि मी तर पहिल्या सीटवरची. माझं कॉलेज दादाने ठरवलं, नोकरी दादाच्या ओळखीने लागली, घर दादाने शोधलं. अजूनही माझा सिलिंडर दादा बदलतो. स्थळंही त्यानेच आणली. त्यांना नकार देणं हे एकच काम मी स्वतःच्या हिमतीवर केलं. वहिनीच्या मते ते जरा जास्तच मन लावून केलं.

म्हणून मला ही शर्यत हवी होती. एक तरी गोष्ट अशी असावी, जिला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा दादाचा घास हातातच राहिला.

"मग आम्ही काय करायचं?"

"काही नाही करायचं, दादा."

घास परत ताटात ठेवून तो म्हणाला, "काही नाही म्हणजे नक्की काय काय?"

माजिवडा

पहाटे उड्डाणपुलाखाली तीसेक मंडळी जमली होती. चकचकीत हेल्मेटं, सायकलींना चहूबाजूंनी बांधलेल्या पिशव्या. प्रत्येकाला एक काड्यापेटीएवढं यंत्र दिलं. ते सायकलला लावलं की आपण कुठे आहोत ते नकाशावर ठिपका होऊन दिसतं, घरबसल्या, जगात कुणालाही. आयोजकांनी हे फसवाफसवी टळावी म्हणून केलं होतं. बिचाऱ्यांनी माझ्या नातेवाइकांचा विचार केला नव्हता.

तिथेच तांडेलकाका भेटले. बाळकुमच्या कोळीवाड्यातले, साठीला टेकलेले, दंड अजून वल्ह्यावरचे. बाकीचे लोक ताकदीची गोड चिकट पाकिटं खिशात कोंबत होते. काकांनी हँडलच्या पिशवीत भाजलेले सुके बोंबील भरले होते. वास इतका होता की रांगेत त्यांच्या मागे उभं राहायला कुणी तयार होईना.

"काय गो, नाक कशाला धरतेस?" काका म्हणाले. "दोन दिस टिकतंय. त्या चिकाला काय चव हाय?"

टिकतंय हे खरं होतं. पण साकेतचा पूल ओलांडून मानकोली येईपर्यंत ठाणे-भिवंडीकडच्या समस्त कुत्र्यांना ही बातमी लागली. काका पुढे, कुत्री मागे. सगळ्या शर्यतीत सर्वात वेगवान सुरुवात तांडेलकाकांची झाली ती अशी.

माझ्या मागे कुत्री नव्हती, फोन होता. वासिंदच्या पुढे मी पाच मिनिटं थांबले तर लगेच वाजला.

"ठिपका हलत नाहीये," वहिनी घाबऱ्या आवाजात म्हणाली. "काय झालं? पडलीस का?"

"नाही गं. झुडपामागे आलेय."

"झुडपामागे कशाला?"

पलीकडे उजेड पडला. "अगंबाई! बरं बरं, ठेवते." आणि माझी इभ्रत राखावी म्हणून तिने आमच्या 'आपली माणसं' ग्रुपवर लिहिलं, "काळजी नको, सुजाता झुडपात आहे." त्यावर बदलापूरच्या मावशीपासून नागपूरच्या भाच्यापर्यंत बावीस जणांनी अंगठे पाठवले.

कसारा घाट

घाट चढणीचा होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं. मी सर्वात खालच्या गिअरमध्ये, म्हणजे चालणाऱ्या माणसाने हात दाखवून पुढे जावं अशा वेगाने वर सरकत होते. एवढ्यात मागून एसटी आली. तिने हॉर्न दिला, पण 'बाजूला हो'चा नव्हे, ओळखीचा. खिडकीतून कंडक्टर अर्धा बाहेर आला.

"जयभीम ताई! दादांनी विचारलंय, जेवलात का?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही कळलं नाही, श्वासच नव्हता. गाडी पुढे गेली आणि आतल्या एका बाईचा खणखणीत आवाज आला, "नाय जेवल्या म्हणत्यात!"

पुढच्या वळणावर दुसरी एसटी वरून खाली आली. "ताई, जेवून घ्या!" तिसरीच्या ड्रायव्हरने नुसताच हात तोंडाकडे नेऊन खूण केली. दादा निवृत्त झाला होता, पण त्याची माणसं अजून प्रत्येक रस्त्यावर होती, आणि त्याने खोपटला जाऊन एकेकाला सांगून ठेवलं होतं, लाल हेल्मेट, जाडसर बाई, चढाला तोंड उघडं.

इगतपुरीला पोचल्यावर मी फोन केला. "दादा, हे काय चाललंय? मदत घ्यायची नाही सांगितलेलं ना?"

"मदत कुठे केली? चौकशी केली," दादा म्हणाला. "चौकशीला बंदी आहे का तुमच्या नियमात?"

मी नियम काढून वाचले. नव्हती.

भंडारदऱ्याकडे

घोटीहून वळलं की महामार्गाचा कलकलाट एकदम मागे पडतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली भाताची खाचरं, मधून अरुंद रस्ता आणि गवताचे भारे डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका. कळसूबाईचं शिखर संध्याकाळच्या उन्हात तांबूस दिसत होतं. मी थांबून बघत बसले. ठिपका थांबला म्हणून फोन येणार होताच, पण तिथे नेटवर्क नव्हतं. इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आमच्या डोंबिवलीत बाई एकटी बाहेर पडली तर शेजारी विचारतात, "किती वाजता येणार?" इकडच्या बायका वेळेचं काही विचारत नाहीत. त्या थेट मुळाशी जातात. भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात जिच्या खानावळीत जेवले, त्या बाईने पहिली भाकरी वाढतानाच सुरुवात केली.

"एकट्याच?"

"हो."

"मालक?"

"नाहीत."

"वारले?"

"आलेच नाहीत."

ती मोठ्याने हसली आणि माझ्या ताटात पिठल्याचा आणखी एक डाव ओतला. "बरं केलं. दोन घास सुखाचे खा." ठेचा इतका जहाल होता की डोळ्यात पाणी आलं, त्याच हाताने मी डोळा चोळला आणि पुढचा अर्धा तास खानावळीच्या मोरीत तोंड धूत बसले. तिचा गुडघा दुखत होता म्हणून मी माझ्या पिशवीतलं मलम तिला दिलं. काही घ्यायचं नाही असा नियम होता, द्यायचं नाही असा नव्हता.

शनिवार सगळा चढउतारात गेला. राजूर, अकोले, कोतूळ. रस्ता वर जातो, वर गेला म्हणून आनंद मानावा तोच खाली येतो, आणि खाली आल्याची शिक्षा म्हणून पुन्हा वर जातो. दुपारी एका चढावर मी सायकलवरून उतरले, तिला लाथ घातली आणि मग तिची माफी मागून ढकलत नेली. बघायला फक्त एक म्हैस होती. संध्याकाळी ओतूरला लॉजची खाट दिसली तेव्हा बूट न काढताच आडवी झाले.

माळशेज

रविवारी उजाडताना निघाले आणि आठच्या सुमारास घाटमाथ्यावर पोचले. दरीतून धुकं वर येत होतं आणि वारा असा बोचरा की बोटं ब्रेकवरून सुटेनात. चहाच्या टपरीपाशी कल्याणहून आलेली एसटी उभी होती. तिचे ड्रायव्हर गायकवाड, दादाचे जुने दोस्त, माझीच वाट बघत होते. त्यांच्या हातात चार पुडांचा स्टीलचा डबा होता. तो मी लांबूनच ओळखला. वहिनीचा होता.

माणसं एसटीबरोबर औषधं पाठवतात, आंबे पाठवतात, विसरलेली छत्री पाठवतात. आमच्या वहिनीने रात्रीच रांधून ठेवलं आणि पहाटे कल्याण डेपोत नेऊन पहिल्या गाडीबरोबर शर्यतीतल्या नणंदेला जेवण पाठवलं.

"गायकवाडदादा, नाही चालत हो," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण त्यात जीव नव्हता.

"अहो, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

गायकवाडांनी डबा उघडून तरी बघू म्हणून झाकण काढलं. सुकं मटण. तांदळाच्या भाकऱ्या, घडी घालून फडक्यात बांधलेल्या. वर कांदा, लिंबू. वारा नेमका माझ्या दिशेने होता.

तेवढ्यात तांडेलकाका येऊन ठेपले. त्यांचे बोंबील अकोल्याच्या पुढे संपले होते. खरं सांगायचं तर अर्धे त्यांनी खाल्ले होते, उरलेले वाटेवरच्या एका मोठ्या कुत्र्याशी तह करण्यात गेले होते. काकांनी डब्याकडे पाहिलं. गायकवाडांनी काकांकडे पाहिलं.

"काका, तुम्ही जेवता का?"

काका क्षणभर नियमाचा विचार करताना दिसले. गायकवाड त्यांच्या ओळखीचे नव्हते. वहिनी तर मुळीच नव्हती. अनोळखी माणूस आपणहून देत होता. म्हणजे बसतंय.

आणि मग माझ्या सख्ख्या वहिनीचं मटण माझ्यासमोर बसून तांडेलकाकांनी खाल्लं. मी शेजारी गार वडापाव चावत होते. काकांनी बोटं चाटली, भाकरीचा शेवटचा तुकडा डब्यात फिरवून घेतला आणि मला मनापासून म्हणाले, "तुज्या वैनीच्या हाताला चव हाय गो. मना तुना द्यावंसं वाटतं, पन नियम हाय."

मी इतकी हसले की घाट उतरताना पोटात कळ येत होती. निम्मी भुकेची असेल.

कोपर

मुरबाडपासून समोरचा वारा सुरू झाला, आणि कल्याणच्या रहदारीने उरलीसुरली रग जिरवली. तरी पत्री पूल ओलांडून डोंबिवलीत शिरले तेव्हा मनात हिशेब बरोबर होता. साडेतीन वाजत होते. शिळफाटा, मुंब्रा, कळवा, माजिवडा. फार तर दोन तासांचं काम. मी चक्क शीळ घालत होते.

आयोजकांनी रस्ता कोपरमधून वळवला होता, माझ्या बिल्डिंगवरून. घरासमोरून जायचं, पण वर जायचं नाही. माझी खाट, माझी मोरी, माझा फ्रीज, सगळं तिसऱ्या मजल्यावर, आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेऊन पीत होते. सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत उभी होती. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी. मी ऐटीत एक हात वर केला.

तो हात वर होता, तेवढ्यातच मी काँक्रीटच्या अर्धवट रस्त्यातून वर आलेल्या सळईवर गेले. फाट्कन आवाज झाला. मागचा टायर बाजूने बोटभर फाटला होता आणि आतून ट्यूब बाहेर डोकावत होती.

ट्यूब माझ्याकडे जादा होती. टायर नव्हता. म्हणजे होता, नवाकोरा होता, माझ्या गॅलरीच्या गजाला टांगलेला. मी उभी होते तिथून मान वर केली की दिसत होता.

रविवारची दुपार. सायकलची दुकानं बंद. पंक्चरवाला दुकान बंद करून वर झोपला होता, आणि तोही दादाचा दोस्तच. कोपरमध्ये मी अनोळखी माणूस आणू कुठून? या मुलखात जो मदत करू शकेल तो प्रत्येकजण मला लहानपणापासून ओळखत होता.

वहिनी धावत खाली आली ती टायर घेऊनच. तिच्याकडे माझ्या घराची किल्ली असते. "घे, लाव पटकन!"

"वहिनी, घरातलं आहे ते. बाद होईन."

दुसऱ्या मजल्यावरचे लेलेकाका, निवृत्त मुख्याध्यापक, चष्मा पुसत पुढे आले. त्यांनी माझ्या फोनवर नियम वाचले. "हे पाहा, इथे 'सर्वांना उपलब्ध' असे शब्द आहेत. आता वहिनींनी हा टायर रस्त्यावर विक्रीस ठेवला, तर तो सर्वांना उपलब्ध झालाच की! मग सुजाताने तो विकत घेण्यास प्रत्यवाय काय?"

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा तो टायर इतका हवा होता की लेलेकाका मला साक्षात न्यायमूर्ती वाटले. वहिनीला तर सांगायलाच नको. तिने टायर हातात उंच धरला आणि भर रस्त्यात आरोळी ठोकली, "टायर घ्या, टायर!"

सायकलवरून जाणारे एक दूधवाले खरंच थांबले. "केवढ्याला?"

"तुम्हाला नाही!" वहिनी खेकसली.

लेलेकाकांनी हळूच चष्मा काढला. "मग सर्वांना उपलब्ध नाही," ते म्हणाले. आणि दुकान बंद झालं.

दादा या गोंधळात पडला नव्हता. तो पान्यांची पेटी घेऊन आला होता आणि बिल्डिंगच्या फाटकापाशी उभा होता. त्याची बोटं शिवशिवत होती. दादाने अख्खं आयुष्य मोडलेल्या गाड्या रस्त्यात चालू केल्या होत्या. सायकलचं चाक म्हणजे त्याला डाव्या हातचा मळ. तो पुढे आला, वहिनीच्या हातातून टायर घेतला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हा ऐकत नाही. आणि मला हेही माहीत होतं की त्याने हात लावला तर मी त्याला अडवणार नाही. इतकी मी थकले होते.

"तुला येतं का?" त्याने विचारलं.

"येतं."

"नक्की?"

"दादा, येतं मला."

त्याने टायर जमिनीवर आडवा ठेवला आणि त्यावर बसला. मांडी घालून, हात काखेत दाबून. "आता कुणी पुढे यायचं नाही," तो जमलेल्यांना म्हणाला. "तिचं ती करेल."

मी चाक काढलं. पिशवीतून टूथपेस्टची ट्यूब काढली, उरलेली पेस्ट रस्त्याकडेला पिळली, ट्यूब कात्रीने कापून तिचा चौकोनी तुकडा फाटलेल्या जागी आतून बसवला. नवी ट्यूब घातली. टायरची कड रिममध्ये शेवटची वीतभर बसता बसेना. घाम डोळ्यात जात होता. दोनदा निसटली.

माणसं जमत गेली. डोंबिवलीत रस्त्यावर कुणी वाकलं की गर्दी होतेच. मागून आलेल्यांना शर्यतीचं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की एक बाई घामाघूम होऊन चाकाशी झटतेय आणि एक धडधाकट पुरुष पान्यांची पेटी शेजारी ठेवून नव्या टायरवर बसून बघतोय.

"काय माणूस आहे! अहो, उठा की जरा!"

"बहीण आहे म्हणे सख्खी. शरम नाही वाटत?"

"नवीन टायर बुडाखाली घेऊन बसलाय बघ."

दादाची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्या माणसाने रस्त्यात बंद पडलेली अनोळखी माणसांची गाडीसुद्धा कधी तशी सोडली नाही, तो स्वतःच्या गल्लीत शिव्या खात होता, आणि एका शब्दानेही 'नियम आहे हो' म्हणाला नाही. बोलला असता तर माणसं त्याच्याशी वाद घालायला लागली असती, आणि माझं लक्ष गेलं असतं. मला रडू आलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते, तेव्हा मी तसंच रडत त्या टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी दाबली, आणि ती टपकन आत बसली.

त्याच वेळी तांडेलकाका रस्त्यावरून गेले. मागे डोंबिवलीची दोन कुत्री. बोंबील संपले होते, पण पिशवीने वास धरून ठेवला होता. "थांबू नको गो, पोरी!" एवढं ओरडून ते गेले. त्यांनाही थांबणं परवडणारं नव्हतं.

पुन्हा माजिवडा

हवा कमी भरावी लागली, नाहीतर तुकडा सुटला असता. चाक दर फेऱ्याला जरा उचलायचं, टक, टक, टक. शिळफाट्यापर्यंत मी मोजत होते, मुंब्र्याच्या चढावर मोजणं सोडलं. ट्रक अंगावरून जात होते. उजव्या हाताला खाडी पिवळी पडत चालली होती आणि मी मनातल्या मनात त्या टूथपेस्टच्या कंपनीला दुवा देत होते.

आरशात मागे खूप लांब एक स्कूटर दिसत होती. दादा. मला त्याच्या गाडीमुळे वाऱ्यापासून आडोसा मिळाला तर तीही मदत, असं कुठूनतरी त्याने वाचलं होतं, म्हणून तो पुढे येत नव्हता. कळव्याच्या सिग्नलला मी थांबले तर तो शंभर पावलं मागेच थांबला आणि मागच्या गाड्यांच्या हॉर्नवर हॉर्न खात राहिला.

माजिवड्याला उड्डाणपुलाखाली पोचले तेव्हा सहाला सातच मिनिटं होती. एक फडका लावलेला बांबू, टेबल, त्यामागे एक तरुण मुलगी, आणि बाजूच्या कट्ट्यावर बूट काढून बसलेले तांडेलकाका. स्वागत म्हणाल तर एवढंच. मुलीने ठिपक्याचं यंत्र काढून घेतलं आणि सगळ्यांना विचारत होती तसंच मला विचारलं, "ओळखीच्या कुणाची मदत घेतलीत?"

"नाही," मी म्हणाले. हा एवढा छोटा शब्द उच्चारायला मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. तिने माझं नाव लिहिलं. मी तिथेच जमिनीवर बसले.

दादा स्कूटर लावून आला. जवळ यावं की नाही, अजून शर्यत चालू आहे की संपली, याचा त्याला अंदाज येईना, म्हणून तो दहा हातांवर उभा राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गायकवाड होते.

"पोचली!" दादा इतक्या मोठ्याने ओरडला की सिग्नलवरचे रिक्षावाले वळून बघायला लागले. "हो, सहाच्या आत! टायर फाटला होता रे, घरासमोर. नाही, नाही, मी कुठे काय केलं? हात नाही लावला मी! विचार कुणालाही, सगळी गल्ली साक्षीला आहे!"

मग त्याने स्वतःहून खोपटला फोन लावला. तिथेही हेच सांगितलं, आणखी मोठ्या आवाजात. मग बदलापूरच्या मावशीला लावला.

"मावशी, मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. "पेटी जवळ होती, टायर जवळ होता, आणि मी नुसता बसून राहिलो. तिनं सगळं एकटीनं..."

मावशी पलीकडून हॅलो हॅलो करत होती आणि दादा फोन कानाला लावून माझ्याकडे बघत उभा होता.